डाव्या तळव्यावर अंगठा

ट्रॉली मनगटाने ढकलायची नसते. मनगटाने ढकलणारा वर्षभरात कंबर धरून बसतो. जोर मांड्यांतून येऊ द्यायचा, हातांनी फक्त दिशा द्यायची. चढावर पावलं लहान, उतारावर अंग मागे, वळणावर घाई नाही. हे मला ज्याने दाखवलं त्याला सगळा दवाखाना गुपचूप म्हणायचा. कमी बोलायचा म्हणून नव्हे, त्याची ट्रॉली आवाज करत नसे म्हणून. पाळी लागली की तो आधी ट्रॉली उलटी करायचा, चाकांत अडकलेले केस, दोरे, कापसाचे बोळे काढायचा, तेलाचा थेंब सोडायचा आणि मगच कामाला लागायचा. बाकीच्यांच्या ट्रॉल्या कुरकुरत यायच्या. त्याची कधी आली ते कळायचं नाही. मान वर करावी तर समोर पांढरी चादर आणि तिच्यामागे हा.

सिस्टर दचकायच्या. एक म्हणाली, "अहो, निदान खोकत तरी येत जा."

"खोकलो तर तुम्ही मलाच दाखल कराल," तो म्हणाला.

मी लाँड्रीत होतो. लाँड्री मागच्या फाटकाला लागून. फाटकातून आत आलं की एक चढ लागायचा. चढाच्या डोक्यावर दोन दारं होती. डावीकडे थंड खोली, म्हणजे मढी ठेवायची जागा. उजवीकडे मालाची लिफ्ट. ती वर वॉर्डांत जायची. दोन्ही दारं लोखंडी, दोन्हींना एकच करडा रंग. नवा माणूस हमखास चुकायचा.

आमच्या ट्रॉलीवाल्यांचा एक रिवाज होता. मढं वाटेत एकटं ठेवायचं नाही. ते कुणाचं का असेना. ढकलणाऱ्याला काही अडचण आली आणि त्याने ट्रॉली उभी केली, तर जो रिकाम्या हाताने जवळून जाईल त्याने ती ठिकाणाला पोचवायची. विचारायचं नाही, नंतर सांगायचं नाही, उपकार म्हणायचे नाहीत. हा रिवाज कुणी घालून दिला ठाऊक नाही. चांगला होता. म्हणूनच पुढचं सगळं झालं.

दवाखान्याच्या मागे कालवा, कालव्यापलीकडे पत्र्यांची वस्ती. तिथे परमुलखातून आलेली माणसं राहायची. कुणी लढाईतून पळालेलं, कुणी उपासमारीतून. काही जणांनी इथे आसरा मागितला होता आणि उत्तराची वाट बघत होते. बरेच जण काही न मागता नुसतेच राहिले होते. ही माणसं बांधकामावर विटा वाहायची, बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायची. त्यांच्यातलं कुणी आजारी पडलं तर डॉक्टर नाही म्हणत नसत. नियमही तसाच होता, आलेल्याला तपासायचं. पण डॉक्टरपर्यंत पोचायला हवं ना? पुढच्या फाटकावर चौकी बसली होती. तिथले वर्दीवाले प्रत्येकाला कागद विचारायचे. कागद नसला की गाडीत घालून न्यायचे. त्या गाडीतून परत आलेलं माणूस वस्तीत कुणी पाहिलं नव्हतं. मग माणसं घरातच कुजायची.

एकदा बर्फवाल्यांपैकी एक जण पाय सडलेला घेऊन आला. फाटकासमोर झाडाखाली बसला. चौकीकडे बघत राहिला, चौकी कधी रिकामी होते याची वाट बघत. ती झाली नाही. तो बसल्या जागीच गेला. त्याला आणायला गुपचूपला पाठवलं. त्याने चादर टाकली आणि ट्रॉली वळसा घालून मागच्या फाटकाने आत आणली. मागच्या फाटकावर एक म्हातारा पहारेकरी असायचा. मढं दिसलं की तो टोपी काढून भिंतीकडे तोंड करायचा. मढ्याच्या तोंडाकडे बघायला तो भ्यायचा.

माझ्या दारात गुपचूप थांबला. म्हणाला, "आत्ता याला कुणी कागद विचारला नाही."

एवढंच बोलला. पुढच्याच आठवड्यात माझ्याकडून त्याने जुन्या, विरलेल्या चादरी मागून घेतल्या.

"कशाला?"

"नवीतून श्वास घेता येत नाही," तो म्हणाला.

तेव्हा मला कळलं.

वस्तीतलं मढं आणायला ट्रॉली घेऊन पुलावरून पायी जावं लागायचं. ते काम त्याचंच होतं. आता तो आजाऱ्यांना आणू लागला. चादर डोक्यापर्यंत, हात अंगालगत, पाय जुळवलेले. वर लिफ्टपाशी डॉक्टरीणबाई उभ्या असायच्या. पहिल्या वेळी त्या त्याच्यावर कडाडल्या, "पुन्हा असं केलंत तर मी स्वतः तक्रार करीन!" आणि रोग्याची नाडी हातात धरून लगेच विचारलं, "पुढचा कधी आणताय?"

बरं झालेलं माणूस पुढच्या फाटकाने चालत जायचं. बाहेर पडणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

त्याची एक खूण होती. चादरीखालच्याला तो सांगून ठेवायचा, काही झालं तरी हलायचं नाही. कुणी हाक मारली, हलवलं, चिमटा काढला, तरी नाही. मी डाव्या पायाच्या तळव्यावर अंगठा दाबला की मगच डोळे उघडायचे. भाषा येत नसेल त्याला तो करून दाखवायचा. ही माणसं हे पटकन शिकायची. मला त्याचंच भय वाटे. आपल्याकडचं माणूस चादरीखाली पडलं की नाक खाजवतं, पाय हलवतं. ही हलत नसत. कुणी ट्रकमध्ये गोण्यांखाली पडून आलेलं, कुणी बोटीच्या तळाला. नसल्यासारखं पडून राहणं त्यांच्या अंगात मुरलं होतं. माझ्या दारावरून ट्रॉली जायची तेव्हा मी बघत राहायचो, चादर तोंडापाशी हलते का. कितीतरी वेळा मला सांगता आलं नाही की आज खरं मढं गेलं की रोगी.

एकदा पहारेकरी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "फार मरतात रे तुझ्या वस्तीतले."

"मरतात," गुपचूप म्हणाला. "पण सवय आहे त्यांना."

घरी बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, त्याने सगळं सांगितलं होतं. त्यांना ते आवडत नव्हतं आणि थांबवायचंही नव्हतं. मी एकदा जेवायला बसलो असताना म्हणाल्या, "भावजी, यांना समजवा. जिवंत माणसांना मढं करून नेतात. एखाद्या दिवशी खरं मढं उठून म्हणेल, मलाही वर घेऊन चल."

"उठलं तर नेईन," तो म्हणाला. "चालतं मढं ढकलायला सोपं."

"बघा! आहे का काही लाज?" वहिनी म्हणाल्या आणि त्याला आणखी वाढलं.

मग ती बाई आली. वस्तीत शिवणकाम करायची. दिवस भरत आलेले. पाय सुजून खांबासारखे, डोकं ठणकत होतं आणि डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत होते. शेजारणीने येऊन गुपचूपला सांगितलं. त्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आजच आणा. उद्या नाही. झटके सुरू झाले तर आई पण जाईल आणि मूल पण."

मी म्हणालो, "अरे, पोट दिसेल की चादरीतून."

"पोट घेऊन मेलेल्याही येतातच," तो म्हणाला.

दुपारची वेळ. ऊन चढलेलं, पाळी सुटायच्या बेतात. पहारेकऱ्याने टोपी काढली, तोंड फिरवलं. ट्रॉली चढ चढली. चादर मधोमध उंच, बाकी सपाट. मी मशीनमधून ओला बोजा बाहेर ओढत होतो, तरी नजर गेलीच. चादर हलत नव्हती.

लिफ्ट खाली येईना. वरच्या मजल्यावर कुणी दार उघडं टाकलं की ती अडकायची. गुपचूपने ट्रॉलीचा ब्रेक लावला, बाईच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाला आणि जिन्याने वर गेला. दार लावून लिफ्टमधूनच खाली यायचं, एवढंच काम.

तो खाली आला तेव्हा ट्रॉली नव्हती.

लाँड्रीच्या दारात येऊन तो उभा राहिला. मी त्याला आजवर घामाने भिजलेलं पाहिलं होतं. असं कोरडं पाहिलं नव्हतं.

"माझी ट्रॉली?"

"कुणी नेली ते नाही बघितलं. मशीन चालू होती."

"नेली तिला," तो म्हणाला. त्याला चौकीवालेच दिसत होते. मी काही बोलायच्या आत तो पुढच्या फाटकाकडे धावला. मीही मागे. चौकीत वर्दीवाले कपात बिस्कीट बुडवत बसले होते. एकाने आमच्याकडे पाहिलं, "काय रे, कुणाला शोधताय?" गाडी रिकामीच उभी होती. आम्ही परत फिरलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. ते आम्हाला चढावर आल्यावर कळलं.

चढाच्या डोक्यावर माझ्या लाँड्रीचं पाणी कायम सांडलेलं असायचं. त्यातून चाकांच्या ओल्या रेघा गेल्या होत्या. सरळ आल्या होत्या, थांबल्या होत्या, आणि मग डावीकडे वळल्या होत्या. थंड खोलीच्या दाराखाली शिरल्या होत्या.

दाराला कुलूप होतं.

तिला कुणी धरून दिलं नव्हतं. आमच्याच कुणीतरी बेवारस उभं असलेलं मढं पाहून, रिवाजाप्रमाणे, ते ठिकाणाला पोचवलं होतं.

गुपचूपने दारावर थाप मारली. "बाई! ए बाई!" दाराला कान लावला. मीही लावला. आत यंत्राची घरघर, बाकी काही नाही. जिवंत माणूस आत असतं तर त्याने दार बडवलं नसतं का? आरडाओरडा केला नसता? ती स्वतःहून काही करणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. तिला तसंच सांगितलेलं होतं.

किल्ली शेवटचं मढं ठेवणाऱ्याच्या खिशात असते. पाळी सुटत होती तेव्हा सुटणाऱ्या माणसाने नेलं असणार. मढं हाताळल्यावर आमच्यात अंघोळ केल्याशिवाय कुणी घरी जात नाही. मी न्हाणीघराकडे धावलो. माझं वय तेव्हा धावायचं नव्हतं. आत एकाच नळाचा आवाज येत होता.

"कोण आहे आत?"

"मी. का रे?" पैलवानाचा आवाज. ट्रॉलीवाल्यांत सगळ्यात दांडगा आणि सगळ्यात मऊ माणूस. लिफ्टमध्ये मुंगी सापडली तर बाहेर नेऊन सोडायचा.

"तू आत्ता चढावरचं मढं आत ठेवलंस?"

"हो. कुणीतरी उन्हात उभं करून गेला होता. लाज वाटायला पाहिजे. पोटुशी बाई होती बिचारी."

"किल्ली कुठंय?"

"सदऱ्यात. अंगाला साबण लागलाय रे, धीर धर की."

"ती जिवंत आहे, पैलवान."

नळ बंद झाला. दार उघडलं. कमरेला पंचा, डोक्यावर फेस. तो सदऱ्याचे खिसे चाचपू लागला. "मी पाय सरळ केले तिचे," तो म्हणाला. "मीच केले. थोडे गरमच वाटले. म्हटलं, उन्हाने असतील."

तसाच ओला तो माझ्याबरोबर धावत आला.

दार उघडलं. गार हवा पायांवरून वाहत बाहेर आली. आत ट्रॉल्या ओळीने लागलेल्या. सगळ्यांवर माझ्याच चादरी. मी त्या रोज धुतल्या होत्या, पण सगळ्या एकाच वेळी अशा अंथरलेल्या कधी पाहिल्या नव्हत्या. पोटामुळे ती लगेच सापडली. भिंतीपासून दुसरी. गुपचूपने चादर ओढली. डोळे मिटलेले, ओठ निळे. तोंडावर काही नाही.

"बाई! उठा. मी आहे."

काही नाही. त्याने खांदे हलवले. पैलवान दारात उभ्याने रडायला लागला. आपल्या हातून माणूस गेलं, असं त्याने धरूनच टाकलं. मलाही तसंच वाटलं. गुपचूपने तिच्या गालावर चापटी मारली, जोरात. मान तशीच कलंडली.

मग तो थांबला. पायांकडे गेला. डावी टाच हातात घेतली आणि तळव्यावर अंगठा दाबला.

तिने डोळे उघडले.

तो अंगठा काढेना. ती आमच्याकडे एकेक करून बघत होती. शांत होती. घाबरलेले आम्हीच होतो. "लवकर," गुपचूप म्हणाला आणि आम्ही ट्रॉली ओढली. पण बाजूची ट्रॉलीही तिच्याबरोबर सरकली. वाकून पाहिलं तर बाईचा हात शेजारच्या चादरीखाली गेलेला. शेजारी बेवारस वॉर्डातली एक म्हातारी होती, सकाळीच गेलेली. बाईने तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.

मी बोटं सोडवायला गेलो. ती सोडेना.

तिला आपली भाषा तोडकीमोडकी यायची. म्हणाली, "आधी ही. ही माझ्या आधीची."

मी हात मागे घेतला.

"फार गार पडलीय," ती म्हणाली. "घाबरली. मी सांगते, गप्प राहा, भाऊ येतो. ही छान गप्प राहते." मग बाकीच्या ट्रॉल्यांकडे बघून म्हणाली, "सगळे छान. कुणी हलत नाही. किती दिवस थांबले?"

पैलवानाने तोंड भिंतीकडे फिरवलं, त्या पहारेकऱ्यासारखं.

गुपचूपने तिचा हात धरला. "आधी तू," तो म्हणाला. "हिला मी बघतो."

"नक्की?"

"नक्की."

मग तिने बोटं सोडली.

वर डॉक्टरीणबाईंनी तिला सरळ ऑपरेशनला घेतलं. आमच्याकडे बघितलं असं की मी ते विसरलो नाही. बऱ्याच वेळाने रडण्याचा आवाज आला. मुलगी. मूठभर, पण आवाज खणखणीत. पैलवान पंच्यावरच व्हरांड्यात बसला होता. सिस्टरने त्याला हाकललं, "अहो, कपडे घाला आधी. मूल घाबरेल."

गुपचूप तिथे नव्हता. मी खाली गेलो. थंड खोलीचं दार उघडं होतं आणि तो म्हातारीच्या ट्रॉलीपाशी स्टूल टाकून बसला होता. तिचा हात त्याच्या हातात. मी म्हटलं, "अरे, मुलगी झाली. दोघी ठीक आहेत." त्याने मान हलवली. "हिला बघतो म्हणालोय," तो म्हणाला. मी दार अर्धवट लोटलं आणि चादरींचा बोजा मशीनला लावायला गेलो. दुसरं काय करणार?

बाई बरी होऊन वस्तीत गेली. तिला खरं कुणी सांगितलं नाही. सांगणार कसं? तिने तिकडे जाऊन सांगितलं की दवाखान्यात खाली एक गार खोली आहे, तिथे आपल्यासारखे पुष्कळ जण नंबर लागायची वाट बघत पडलेत, फार शहाण्यासारखे, आणि भाऊ एकेकाला वर नेतो. वस्तीने ते धरलं. गुपचूप पुलावर दिसला की बायका विचारायच्या, "आता किती राहिले खोलीत?" एक म्हातारा, खोकल्याने पिंजलेला, म्हणाला, "मला तिथे नेऊन ठेव. कितीही दिवस लागू देत. मी हलणार नाही." आणि गुपचूपने नुसता अंगठा दाखवला तर त्याने तिथल्या तिथे, मातीत, डोळे मिटून पडून दाखवलं. खोकला सुद्धा थांबवला.

त्या दिवशी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "आता बंद."

"कुणी पकडलं का?"

"पकडलं असतं तर बरं. ही माणसं उठायचं विसरतील एखाद्या दिवशी. मी अंगठा दाबीन आणि कुणी डोळे उघडणार नाही."

त्या म्हाताऱ्याला त्याने चादर घातली नाही. ट्रॉलीवर बसवलं, पाठीला उशी दिली आणि पुढच्या फाटकाने आणलं. तेल न घातलेली ट्रॉली मुद्दाम घेतली होती. लांबून कुरकुर ऐकू येत होती. त्याच्या ट्रॉलीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. वर्दीवाला आडवा आला. "कागद?"

"खोकला आहे," गुपचूप म्हणाला. "ऐका." म्हाताऱ्याला म्हणाला, "खोका, बाबा." म्हातारा बावरला. मग खोकला. इतकी वर्षं दाबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. वर्दीवाला मागे सरकला, पण वाट सोडेना.

तेवढ्यात पैलवान रिकाम्या हाताने चालला होता. त्याने काही विचारलं नाही. येऊन ट्रॉलीला हात लावला. मग दुसरा आला, मग लिफ्टवाला, मग बागेतला माळी. भरली ट्रॉली वाटेत उभी होती, एवढंच त्यांना दिसत होतं. मीही जाऊन लावला. डॉक्टरीणबाई पायरीवरून ओरडल्या, "माझा रोगी आहे तो, आत आणा!" वर्दीवाल्याने आमच्या हातांकडे पाहिलं आणि बाजूला झाला.

दरवेळी असं सोपं झालं नाही. गुपचूपला काही महिने बॉयलरवर टाकलं, पैलवानाची एक पगारवाढ गेली. एकदा एका बाईला फाटकावरूनच गाडीत घालून नेलं, आमचे हात कमी पडले. पण झाकून कुणाला आणलं नाही.

गुपचूपला एक सवय लागली ती सुटली नाही. थंड खोलीचं दार लावण्याआधी तो प्रत्येक ट्रॉलीपाशी जायचा, डाव्या तळव्यावर अंगठा दाबायचा आणि थांबायचा. पुरेसं थांबायचा. पैलवानही तसंच करू लागला, मग बाकीचे. वहिनी माझ्याकडे तक्रार करायच्या, "भावजी, दुपारी जरा डोळा लागला की हा मेला तळव्याला अंगठा लावून बघतो. मी लाथच घातली परवा." "घातलीत ते बरं केलंत," मी म्हणालो. "त्याला तेच हवं असतं."

मी निवृत्त झालो त्यानंतर तो गेला. दवाखान्यातच, वरच्या वॉर्डात. त्याच्या पुतण्याने कळवलं. मी पोचलो तेव्हा त्याला खाली आणलं होतं. नवी पोरं होती ट्रॉलीवर, मला ओळखत नव्हती. त्यांनी ट्रॉली डावीकडे वळवली. चांगली ढकलली, मांड्यांतून. आत ठेवल्यावर एकाने चादर थोडी वर केली, त्याच्या डाव्या तळव्यावर अंगठा दाबला आणि उभा राहिला.

मी विचारलं, "हे कशासाठी करता?"

"तसंच करायचं असतं, काका," तो म्हणाला. "कशासाठी ते माहीत नाही."

"मी करू का?"

तो बाजूला झाला. मी अंगठा दाबला. तळवा कडक, आयुष्यभर चढ चढलेला. मी थांबलो. पोरांनी घाई केली नाही. यंत्र घरघरत होतं, आणि बाजूच्या चादरी मी धुतल्या नव्हत्या तरी तशाच पांढऱ्या होत्या. मी पुरेसं थांबलो. मग आम्ही दार लावलं.